चढणीच्या माशाचा डबा

पातूरहून बोलतोय. बाहेर पावसाची झड लागली आहे, त्यामुळे ऑडिओत मागे टिनांचा आवाज येतोय. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे. बोलताना येणारे "हां, तर", "म्हणजे बघा" लिहिताना बरेच काढलेत, काही राहू दिलेत.

पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्याकडे दर वर्षी एक व्हिडिओ फिरतो. बंधाऱ्यावरून गढूळ पाणी पडतंय, त्यात काहीतरी चांदीसारखं उसळतंय, आणि काठावर पोट्टे गमछे, मच्छरदाण्या, टोपल्या घेऊन उभे. एक जण तर चक्क हाताने मासा उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो. गाव कोणतं ते कधीच कळत नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये तो आपल्याच तालुक्यातला असतो. यंदा तोच व्हिडिओ पाठवून एकाने विचारलं, "भाऊ, हे मासे उलटे काहून चढतात ते शाळेत शिकलो. पण एवढा जोर लावायला ते खातात काय? मधात कुठं थांबताना तर दिसत नाही."

प्रश्न लय भारी आहे, कारण उत्तर उलटं आहे. वाटेत ते जवळपास काहीच खात नाहीत. सगळा डबा घरून बांधून आणलेला असतो. आणि त्याच डब्यातून दोन खर्च भागवायचे असतात: एक चढायचा आणि एक अंड्यांचा. आजचा भाग या डब्याबद्दल आहे. तो कुठे बांधतात, कसा उघडतात, आणि वाटेत एक भिंत आडवी आली की त्याचं काय होतं.

कोण चढतं, कुठून कुठे

आधी आपल्याकडच्या पाण्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणू. मोर्णा आपल्या घाटाकडच्या डोंगरातून उतरते, अकोला शहरातून जाते आणि पूर्णेला मिळते. निर्गुणाही शेवटी पूर्णेच्याच खोऱ्यातली. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. म्हणजे पातूरच्या नाल्यातला थेंब, वाटेत कुठे अडला नाही तर, अरबी समुद्रात जातो. मासे मात्र सुरतेहून पातूरला येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या तोही एक फॉरवर्ड होईल.

आपल्याकडची चढण लहान असते. उन्हाळ्यात नाले आटतात, मासे नदीच्या डोहांत आणि धरणांच्या पाण्यात गोळा होतात. पाऊस पडला, नाले वाहू लागले, की त्यातले काही पाण्याच्या धारेविरुद्ध वर निघतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. कोकणात, ठाण्याकडे याच प्रकाराला वलगण म्हणतात. शिवडा चढतो, रोहूच्या भावकीतले खवल्याचे मासे चढतात, बारके तर थव्याने चढतात. मांगूर आणि मरळ यांना हवेतलाही श्वास घेता येतो, त्यामुळे ते ओल्या गवतातूनही सरकतात, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे.

वर जायचं कशाला? वर नाल्याकाठची शेतं, गवत, बांधाच्या खालचे खोलगट भाग नुकतेच पाण्याखाली गेलेले असतात. पाणी उथळ आणि उबदार. कुजणाऱ्या गवतामुळे तिथे बारीक जीव वाढतात, ते पिल्लांचं पहिलं अन्न. मोठे शिकारी मासे तिथे कमी. थोडक्यात, अंडी टाकायला याहून चांगली जागा खाली नाही. पण ती जागा काही आठवडेच असते, म्हणून घाई.

आता खाण्याचं. मासेमारी करणाऱ्या कोणत्याही भोई काकांना विचारा, ते सांगतील की चढणीच्या मादीचं पोट फाडलं तर आत गाबोळीच गाबोळी आणि आतडं चिपकलेलं. याला कारणं आहेत. अंडाशय इतका फुगतो की पोटात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. अंडी पिकवणारी संप्रेरकं भूकही मंदावतात. त्यात पाणी गढूळ, भक्ष्य दिसणार कसं?

आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, ती आपल्या पातूरवरूनच जाते. महिनाभर पायी चालायचं, पण वाटेत प्रत्येक गाव चहा, नाश्ता, जेवण घेऊन उभं असतं. माशांची वारीही साधारण त्याच दिवसांत सुरू होते. फरक एवढाच, त्यांच्या वाटेवर अन्नदान नाही. उलट काठावर मच्छरदाणी घेऊन माणसं उभी.

एका माशात दोन इंजिनं

डबा समजायचा तर आधी तो कोण खातं ते बघू. पुढच्या वेळी घरी रोहू किंवा कतला आला की कापलेला तुकडा नीट बघा. बहुतेक मांस पांढरं असतं. पण कातडीच्या आत, बाजूच्या मधल्या रेषेला लागून, एक गडद तपकिरी-लाल पट्टी दिसेल. बरेच जण ती काढून टाकतात, वास येतो म्हणून. ती पट्टी म्हणजे माशाचं लांब पल्ल्याचं इंजिन.

लाल पट्टीच्या स्नायूंत रक्तवाहिन्या भरपूर असतात. ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन असतं, लाल रंग त्याचाच. आणि मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या बारक्या भट्ट्या, खच्चून भरलेल्या असतात. हे स्नायू हळू आकुंचन पावतात, पण थकत नाहीत. इंधन मुख्यतः चरबी. मासा शांतपणे पोहत असतो तेव्हा शेपटी हलते ती या पट्टीच्या जोरावर. एवढीशी पट्टी आणि दिवसरात्र काम.

पांढरं मांस म्हणजे धडाक्याचं इंजिन. शिकारीवर झडप, बगळ्यापासून पळ, धबधब्यावर उडी, ही त्याची कामं. ते ऑक्सिजनची वाट बघत नाही. स्नायूत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेच्या साखळ्या, तिथल्या तिथे फोडतं आणि क्षणात ताकद देतं. पण हा साठा सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो. मागे उरतं लॅक्टेट, शिवाय पेशीत आम्लता वाढते आणि मासा ढिला पडतो. मग हा सगळा पसारा आवरायला, ग्लायकोजेन पुन्हा भरायला तास लागतात. पुरता दमलेला मासा पूर्ववत व्हायला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्तही घेतो. फास्ट चार्जिंग तिथे नाही.

म्हणून हुशार मासा पांढरं इंजिन जपून वापरतो. पाण्यात वेग दुप्पट केला तर लागणारी ताकद दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. हे गणित माशाला शिकवावं लागत नाही. तो नदीच्या मधोमध जोराच्या धारेत जात नाही, काठाकाठाने जातो, दगडाच्या मागे पाणी जिथे भोवऱ्यात उलटं फिरतं तिथे टेकतो, मग पुढच्या दगडापर्यंत सरकतो. ज्यांना मासे पकडता येतात त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. जाळं काठाला का लावतात ते उगाच नाही.

डब्यात चरबीच का

शंभर ग्रॅम चरबीत सुमारे ९०० किलोकॅलरी ऊर्जा असते. शंभर ग्रॅम साखरेत किंवा पिठात सुमारे ४००. इथेच चरबी दुपटीने पुढे. पण खरी गंमत पुढे आहे. शरीरात ग्लायकोजेन साठवायचं तर एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणीही सोबत साठतं. म्हणजे ओलं पोतं वाहून न्यायचं. चरबी कोरडी राहते. एवढ्याच ऊर्जेसाठी ग्लायकोजेन वाहायचं ठरवलं तर माशाला कित्येक पट जास्त वजन ओढावं लागेल. दूरच्या उड्डाणाला निघालेले पक्षीही याच कारणासाठी चरबी चढवून निघतात.

हा साठा आदल्या वर्षभरात बांधला जातो. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात, पाण्यात खायला भरपूर असतं तेव्हा मासा खातो आणि उरलेलं ठेवतो: आतड्याभोवतीच्या पडद्यात, यकृतात, आणि थोडं स्नायूंच्या मधल्या थरांत. उन्हाळा तापू लागला, दिवस मोठे झाले की शरीराला सूचना मिळते आणि ठेव मोडायला सुरुवात होते.

ठेव मोडायची पद्धत बघा. संप्रेरकांच्या हुकमावर विकरं चरबीचे रेणू फोडतात, त्यातून फॅटी आम्लं सुटी होतात. चरबी रक्तात, म्हणजे पाण्यात, विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनांच्या पाठीवर बसून प्रवास करते. लाल पट्टीत पोचली की पेशीतली वेगळी प्रथिनं तिला उतरवून घेतात आणि मायटोकाँड्रियाच्या दारात नेतात. आत तिचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, ऑक्सिजनबरोबर जळतात, आणि एटीपी तयार होतं. स्नायू प्रत्यक्षात चालतो तो एटीपीवर.

या साखळीत एक अट आहे. चरबी जाळायला ऑक्सिजन लागतोच. कल्ल्यांतून तो आला नाही तर पोटात चरबी असूनही ती निरुपयोगी. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा स्वच्छता मिशन झालं, हजारो लोक नदीत उतरून जलकुंभी काढत होते, ते आठवत असेल. तेव्हा सगळी चर्चा वास, डास आणि शहराच्या दिसण्याची होती. माशाच्या बाजूने बघितलं तर सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि जलकुंभीची जाड गादी वरून हवा अडवते. अशा पाण्यात लाल पट्टी उपाशी राहते. त्यात पाणी गरम असेल तर दुहेरी मार: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाच्या शरीराची मागणी वाढलेली असते.

त्याच डब्यातून अंडी

दुसरा खर्च याहून मोठा ठरू शकतो. मादीच्या यकृतात चरबी आणि प्रथिनं एकत्र बांधून एक पदार्थ तयार होतो, व्हिटेलोजेनिन. तो रक्तातून अंडाशयात जातो आणि अंड्याचा बलक बनतो. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर तोंड उघडून खायला लागेपर्यंत याच बलकावर जगतं. म्हणजे आईने स्वतःच्या डब्यातून लाखो छोटे डबे भरून दिलेले असतात. लाखो म्हणतोय ते अतिशयोक्ती नाही. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी धरते.

आता हिशेब सोपा आहे. डबा एक, वाटेत भर नाही. चढताना जास्त गेलं तर अंड्यांना कमी. हे नुसतं तर्काने सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी चिनूक जातीचे सामन मासे बाहेरून नेऊन सोडले होते. तिथे संशोधकांनी एकाच वंशाचे मासे दोन वेगळ्या जागांहून समुद्रात सोडले, म्हणजे परतताना एका गटाला दुसऱ्यापेक्षा सुमारे ८० किलोमीटर लांब आणि ४०० मीटर उंच चढावं लागलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. जास्त चढलेल्या माद्यांच्या अंडाशयाचं वजन साधारण १४ टक्क्यांनी कमी भरलं. रक्त एक, समुद्र एक, फरक फक्त वाटेचा.

इथे एक प्रश्न येतो. डबा पूर्ण संपला तर? त्याचं उत्तर पॅसिफिकच्या सामनने देऊन ठेवलंय, आणि ते ऐकायला जरा जड आहे. कॅनडातल्या फ्रेझर नदीत सॉकाय जातीचे सामन समुद्रातून शिरतात आणि काही कळप हजार किलोमीटरहून जास्त वर जातात. नदीत शिरताना खाणं बंद, आतडं आक्रसतं. मुक्कामाला पोचेपर्यंत आणि अंडी टाकेपर्यंत शरीरातली ९० टक्क्यांहून जास्त चरबी जळालेली असते. चरबी संपत आली की शरीर प्रथिनांना हात घालतं. म्हणजे स्वतःच्या मांसालाच. घरातलं धान्य, सरपण संपलं, आता छपराचे वासे काढून चूल पेटवायची, तसं. पण त्यातही क्रम असतो. आधी पांढरं मांस मोडलं जातं, लाल पट्टी शक्यतो शाबूत ठेवली जाते, कारण ती गेली तर पोहणंच थांबेल. पांढऱ्या मांसातून निघालेल्या अमिनो आम्लांपासून यकृत नवी साखरही बनवतं, शेवटच्या झुंजीसाठी. शेवटी निम्म्याच्या आसपास प्रथिनंही गेलेली असतात आणि मांस पाणचट होतं. शरीरातली ऊर्जा किलोमागे चार मेगाज्यूलच्या आसपास उतरली की सॉकाय जगत नाही, असं मोजमापांतून दिसलंय. बहुतेक मासे अंडी टाकून तिथेच मरतात.

आपल्या नाल्यातला मासा स्वतःला इतका जाळत नाही. त्याची चढण लहान, तो अंडी टाकून पुन्हा डोहात उतरतो, आणि वाचला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा निघतो. पण हिशेबाचं सूत्र तेच.

झूलेलालच्या खालचा मासा

समुद्रातून नदीत चढणारा आपल्या भागातला खरा लांब पल्ल्याचा मासा म्हणजे हिल्सा, मराठीत पाला. तुम्ही तो पाहिलाय, फक्त लक्षात आलं नसेल. अकोल्यात सिंधी दुकानांत झूलेलालची तसबीर असते. पांढरी दाढी, हातात पोथी, आणि देव बसलेत माशावर. तो मासा म्हणजे सिंधू नदीतला पल्लो, म्हणजेच हा पाला. सिंधमध्ये अशी श्रद्धा आहे की पल्लो समुद्रातून वर चढतो तो देवाच्या दर्शनाला. फाळणीत नदी तिकडे राहिली, मासा तसबिरीतून इकडे आला.

पाला अंगाने तेलकट. बंगालमध्ये त्याच्या स्वतःच्या तेलातच त्याला शिजवतात ते त्यामुळेच. ते तेल खवय्यांसाठी नाही, प्रवासासाठी साठवलेलं असतं. समुद्रात आणि खाडीत प्लवकं खाऊन तो चरबी चढवतो, पावसाळ्याच्या पुरात नदीत शिरतो आणि वर जाताना त्याचं खाणं बरंच कमी होतं. अंडी टाकून परतणारा पाला सुकलेला, चरबी उतरलेला असतो, बाजारात त्याला भाव नाही. तो मरत मात्र नाही. समुद्रात जाऊन पुन्हा डबा भरतो.

तापी आणि नर्मदेच्या मुखाशी हा मासा गुजरातचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पकडत आले. पण वरची वाट? सिंधूवर १९३२ मध्ये सक्करचा बराज झाला, १९५५ मध्ये त्याच्याही खाली कोटरीचा. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का. तापीवर १९७२ मध्ये उकाई, आणि वर भुसावळजवळ हतनूर. पाल्याच्या डब्यात चरबी कितीही असली तरी उकाईची भिंत चरबीने चढता येत नाही.

फ्रेझरवर हा धडा फार आधी मिळाला. १९१३-१४ मध्ये हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत रेल्वेमार्गाच्या कामामुळे दरड आणि राडारोडा नदीत पडला. नदी बंद झाली नव्हती, फक्त धार अरुंद आणि वेगवान झाली होती. तेवढं पुरलं. लाखो सॉकाय त्या धारेशी झगडत राहिले, पांढरं मांस वापरून धडका देत राहिले आणि अंडी पोटात घेऊनच खाली मेले. १९४० च्या दशकात तिथे काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले, म्हणजे माशांना टप्प्याटप्प्याने, विसावा घेत चढता येईल असे. त्यानंतर मासे पुन्हा वर जाऊ लागले.

आता तो बंधारा

आपला व्हिडिओ आता पुन्हा बघा. बंधाऱ्याखाली मासा उसळतोय ते मजेने नाही. प्रत्येक उडीला तो पांढऱ्या मांसातलं ग्लायकोजेन जाळतोय. उडीसाठी खाली खोल पाणी लागतं, धाव घ्यायला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मात्र बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा सपाट ओटा आणि त्यावर वीतभर पाणी. पाच-दहा प्रयत्नांत मासा दमतो, कडेला पडून राहतो. तो पोट्टा हाताने मासा उचलतो ना, त्यात त्याच्या हाताची चपळाई फारशी नाही. मासा चार्जिंग संपलेला आहे.

मी बंधाऱ्यांच्या विरोधात नाही. वऱ्हाडात राहून पाणी अडवू नका म्हणणाऱ्याने मार्च-एप्रिलमध्ये इथे येऊन टँकरच्या रांगेत उभं राहावं. जलयुक्त शिवारपासून नाल्यानाल्यावर सिमेंटचे बांध झाले, विहिरींना पाणी आलं, हे डोळ्यांनी दिसतं. पण माशाच्या बाजूने एक-दोन गोष्टी फुकटात होण्यासारख्या आहेत.

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याची मूळ रचनाच अशी आहे की पावसाळ्याआधी त्याचे बर्गे काढायचे, नदी मोकळी वाहू द्यायची, आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमाराला, पुन्हा बसवायचे. हे पुराचा दाब आणि गाळ यांसाठी ठरवलेलं आहे, माशांचा विचार त्यात नव्हता. तरी वेळेवर बर्गे निघाले तर चढणीच्या पहिल्या पुराला दरवाजे उघडे मिळतात. जिथे ते अडकून, गंजून तसेच राहतात तिथे तोच बंधारा भिंत होतो. (बर्गे चोरीला जातात ती बातमी वेगळी. चोराने नकळत मत्स्यसेवा केली म्हणायची.) सिमेंटच्या पक्क्या बांधाला बर्गे नसतातच. तिथे खालच्या बाजूला, काठाला लागून, मोठ्या दगडांची उतरती रचून लहान लहान डबकी केली तर एक मोठी उडी पाच छोट्या उड्यांत विभागली जाते. मधल्या डबक्यात मासा टेकतो, लाल पट्टीवर पुन्हा दम धरतो. मत्स्यमार्गाचं तत्त्व एवढंच आहे.

यावर एक आक्षेप येणार, म्हणून तो आधीच घेतो: "चढण थांबली तर काय बिघडलं, तलावात मत्स्यबीज सोडतातच की." सोडतात, आणि त्यामागे एक मोठा शोध आहे. रोहू, कतला, मृगळ यांची तलावात अंडी पिकतात, पण पुढची पायरी होत नाही. वाहतं, चढतं पाणी मिळाल्याशिवाय शरीर शेवटचा हुकूम देत नाही. पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तलावाच्या पाण्यात अंडी टाकायला लावली. त्या प्रयोगाच्या आठवणीत १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आज बाजारातला बहुतेक रोहू-कतला या इंजेक्शनचा नातू-पणतू आहे. पण इंजेक्शन मिळतं ते विकायच्या चार-सहा जातींना. शिवडा आणि नाल्यातले बारके मासे यांना कोणी टोचायला येत नाही. त्यांना अजून पूरच लागतो.

जाता जाता, चवीचं

दुसरा एक प्रश्न हमखास येतो: चढणीचा मासा जास्त चवदार असतो का? बरेच लोक शपथेवर हो म्हणतात. मला विचाराल तर मांसापुरतं नाही. चव बरीचशी चरबीत असते, आणि ती तोवर मांसातून निघून एक तर लाल पट्टीत जळालेली असते किंवा गाबोळीत जाऊन बसलेली असते. म्हणूनच गाबोळी तव्यावर टाकली की एवढी खमंग लागते. मांस खायचं तर हिवाळ्यातला मासा घ्या, त्याचा डबा तेव्हा भरत आलेला असतो.

पुढचा भाग खारपाणपट्ट्यावर आहे, पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी खारट का लागतं त्यावर. कोणाच्या घरी अशी विहीर असेल तर तिची खोली मोजून, पाण्याचा फोटो काढून पाठवा. आणि बंधाऱ्याचे बर्गे निघाले की नाही तेही कळवा, गावाच्या नावासकट.